नाथसागराची हजेरी

(दृश्य : फेब्रुवारीतली सकाळ. नाथसागराचा उघडा पडलेला काठ, ओला गाळ, त्यात चरणारे पक्षी.)

नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, पाहायचा तर तो काठोकाठ भरलेला असताना पाहू नये, असं आमच्या फिल्ममधल्या निवृत्त गुरुजींचं म्हणणं आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सगळा जिल्हा पैठणला लोटतो. त्या गर्दीत गुरुजी कधी सापडायचे नाहीत. त्यांचे दिवस सुरू होतात पाणी उतरायला लागल्यावर. काठ उघडा पडतो, वीतभर पाण्याखालचा गाळ दिसू लागतो आणि त्या गाळावर पोट असलेली मंडळी येऊन उतरतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपूट हलवत पळणारे तुतवार, चोचीनं पाणी चाळणारे चमचे. मागं जरा खोल पाण्यात तलवार बदकं, थापटे, चक्रवाक. ज्या वर्षी धरण तुडुंब भरतं आणि पाणी लवकर हटत नाही, त्या वर्षी काठावर पक्षी कमी दिसतात.

याचं कारण धरणाच्या जागेतच आहे. गोदावरी इथं सपाट मुलखातून वाहते. जायकवाडीची भिंतच जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे, तिला २७ दरवाजे आहेत. अडवलेलं पाणी उंच चढलं नाही, आडवं पसरलं. त्यामुळे थोडं पाणी घटलं तरी कितीतरी जमीन वर येते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. पुढं १९८६ मध्ये हा सगळा पसारा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

गुरुजींचं जन्मगाव या पाण्याखाली आहे.

(दृश्य : नवं गावठाण. सरळ आखलेल्या गल्ल्या, मारुतीचं देऊळ, देवळासमोर बसलेली म्हातारी माणसं.)

पाणी आलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. माळवदाच्या तुळया, चौकटी, जातं, उखळ, सगळं बैलगाड्यांत भरून माणसं वर आली. मारुती आला. पाराचा वड मात्र तिथंच राहिला. नव्या गावात संध्याकाळी म्हातारी माणसं जमायची आणि जुनं गाव मोजायची. वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला कुणाचं घर, त्याला लागून कुणाचं, कुणाच्या वाड्यातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असायचं. एकजण चुकला की दुसरा दुरुस्त करायचा. गुरुजी त्या घोळक्याच्या कडेला बसून ऐकायचे. गोष्ट कशी सांगतात, हे डी.एड.च्या कॉलेजात जाण्याआधी ते तिथं शिकले. समोर नसलेलं गाव माणसापुढं उभं करायचं, एवढंच तर ते होतं.

२०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर गेला. तेव्हा कुठं कुठं जुन्या भिंतींचे पाये उघडे पडले. गुरुजी नातवंडांच्या वयाच्या पोरांना घेऊन तिथं गेले. हे माझं घर, एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्या भिंतींच्या पायावरून चालत गेले आणि अख्खी गल्ली पोरांकडून म्हणून घेतली.

(दृश्य : घराच्या ओट्याला टेकवलेली काळी चोवीस इंची सायकल. कॅरिअरला बांधलेली पिशवी, हँडलला दुर्बीण.)

गुरुजींची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि सगळी सायकलवर झाली. बदली होईल तिथं सायकल सोबत. या मातीत सायकल चालवणं म्हणजे काय, ते पावसाळ्यात कळतं. काळी माती भिजली की चाकाला बिलगते, मडगार्डमध्ये जाऊन बसते आणि चाक जागचं हलत नाही. गुरुजी बाभळीची एक काडी कायम चेनकव्हरला अडकवून ठेवायचे. दहा पावलं ढकलायची, थांबायचं, काडीनं माती उकरायची, पुन्हा ढकलायची. शेवटी त्यांनी पुढचा मडगार्डच काढून टाकला. तो आजही नाही. दिवाळीत सायकलचं ओव्हरऑईल स्वतः करतात. छर्रे रॉकेलच्या वाटीत घालून एकेक पुसताना त्यांच्याशी बोलायला जाऊ नये, असं काकूंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं.

निवृत्तीनंतर मुलानं मोटरसायकल घेऊन दिली होती. ती दारात उभी असते. पक्षी बघायला ती चालत नाही, हे सरळच आहे, पण गुरुजींच्या बोलण्यातून आम्हाला एक गोष्ट नव्यानं कळली. पायी चालणाऱ्या माणसाला पाखरं जितकी बुजतात, तितकी सायकलवरून हळू जाणाऱ्याला बुजत नाहीत. तारेवर बसलेला नीलपंख तुम्ही जवळून जाईपर्यंत बसून राहतो. तुम्ही पाय टेकवला की उडतो. म्हणून गुरुजी बघण्यासाठी थांबत नाहीत. पुढं जाऊन वळतात आणि पुन्हा त्याच वेगानं परत येतात. कॅमेरा घेऊन त्यांच्यामागं जाताना आम्हालाही तेच करावं लागलं.

(दृश्य : शाळेची पडवी. पोरं अर्धगोलात. गुरुजी उभे.)

आता गोष्टीकडं येऊ. गुरुजींच्या गोष्टीला एक नियम आहे. ऐकणाऱ्यातल्या एकानं हुंकार द्यायचा. दर वाक्याला ‘हं’. तो गप्प झाला की गोष्ट थांबते. हुंकार कोण देणार यावरून पोरांत भांडणं होतात, म्हणून पाळी लावलेली आहे.

आम्ही चित्रीकरणाला गेलो त्या दिवशी एकनाथांची गोष्ट होती. पैठणच्या पंचक्रोशीत ही गोष्ट माहीत नाही असं पोर मिळणार नाही. काशीहून गंगेची कावड निघालेली, रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव. गुरुजींनी खांद्यावर नसलेली कावड घेतली. चालताना एक खांदा जरा खाली, पावलं आखूड, पाणी हिंदकळू नये म्हणून. मग वाळू तापली. मग गाढव दिसलं. नाथांचा हात कावडीकडं गेला, आणि गुरुजी तिथंच थांबले. हात हवेत.

“आता काय करावं रे?”

एक म्हणाला, अर्धं पाजावं, अर्धं देवाला न्यावं. दुसऱ्यानं विचारलं, देव चिडला तर? मागून एक मुलगी म्हणाली, “गुर्जी, देवाला तहान लागत नसती. गाढवाला लागती.” शेवट सगळ्यांना पाठ होता, तरी वाद रंगला. गुरुजी त्यात पडले नाहीत. वाद निवल्यावर कावड उतरवली आणि गाढवाच्या तोंडाशी ओंजळ धरली. हुंकार देणारा पोरगा ‘हं’ म्हणायचं विसरला होता. त्याला कुणी काही बोललं नाही.

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, दिंड्यांनी पैठण भरतं. गोदावरीच्या वाळवंटात राहुट्या पडतात. गुरुजी तीनही दिवस तिथंच असतात. तुकारामबीजेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते, अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते, आणि या सगळ्यात गुरुजी भारुडं करणाऱ्यांच्या राहुटीत बसून ऐकत असतात. शाळेत असताना ते वासुदेव, गोंधळी, पांगुळ, जो दारावरून जाईल त्याला वर्गात बोलवायचे. एकदा रायरंद, म्हणजे बहुरूपी, पोलिसाच्या वेशात आला आणि त्यानं हजेरी तपासली. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या कॅसेट गुरुजींच्या ट्रंकेत आहेत. त्यातल्या बऱ्याच गाणाऱ्यांच्या घरात आज ते गाणं कुणाला येत नाही.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेला संसार. भांडी, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेली लेकरं.)

या फिल्मचा विषय ठरवून आलो तेव्हा आमच्या डोक्यात गोष्टी, पक्षी आणि सायकल एवढंच होतं. पण गुरुजींच्या घरात लोखंडी कपाटावर हजेरीचे जुने कॅटलॉग रचलेले दिसले, आणि विषय वेगळा निघाला.

दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाची माणसं वस्त्यांवर फिरतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच दिलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या मागं-पुढं टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. लेकरं सोबत जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली जाते. गुरुजींच्या वर्गात दिवाळीनंतर निम्म्या जागा रिकाम्या व्हायच्या. कॅटलॉगमध्ये नावापुढं ‘गै’, ‘गै’, ‘गै’ अशी ओळच्या ओळ.

आणि नेमक्या त्याच दिवसांत नाथसागर भरायचा. पाण्यानं नव्हे, पाखरांनी. मध्य आशियातून, सैबेरियातून, हिमालयापलीकडून येणारे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उतरतात आणि उन्हं तापली की मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. पोरं जायची तेव्हा पक्षी यायचे, पक्षी जायचे तेव्हा पोरं परत यायची.

गुरुजींनी एका वर्षी कॅटलॉगसारख्याच आखलेल्या वहीत पक्ष्यांची नावं लिहिली. रोहित, पट्टकदंब, कांड्या करकोचा, चक्रवाक, थापट्या, वारकरी. पुढं तारखांचे रकाने. दिसला तर ‘ह’, नाही दिसला तर ‘गै’. वर्गात उरलेली पोरं रोज सकाळी आधी स्वतःची आणि मग पाखरांची हजेरी लावायची. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की गुरुजी ती वही परत आलेल्या पोरांपुढं ठेवायचे. तुम्ही नव्हता तेव्हा कोण कोण येऊन गेलं, ते वाचा. अक्षरओळख विसरून आलेली पोरं त्या नावांवर वाचायला बसायची. मग गुरुजी विचारायचे, तुम्ही काय बघितलं ते सांगा. ऊसतोडीच्या फडात, कोपीच्या म्हणजे तिथल्या झोपडीच्या आसपास दिसलेले पक्षी, पाण्याच्या जागा, नांगरटीमागं फिरणारे बगळे, सगळं त्याच वहीत चढायचं, पोराच्या नावानिशी.

या वह्या आम्ही पानोपान पाहिल्या. शाळेच्या चार भिंतींत मराठवाड्यातल्या एका शिक्षकानं केलेलं याहून मोठं काम आमच्या पाहण्यात नाही, आणि हे आम्ही पूर्ण जबाबदारीनं म्हणतो. त्यात मुलाला ‘तू शाळा बुडवलीस’ असं कुठंच म्हटलेलं नाही.

(दृश्य : पट्टकदंबांचा थवा, रांग धरून उडताना.)

पट्टकदंब हा गुरुजींचा लाडका. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखकडची ही जात हिमालय ओलांडून खाली येते. दिवसा काठावर झोप काढते, रात्री हरभऱ्यात, गवतात चरते. उडताना रांग धरते. पुढचा दमला की मागं येतो आणि दुसरा पुढं जातो. हे वर्गात सांगितलं तेव्हा एका पोरानं लगेच विचारलं होतं, “गुर्जी, मग यांचा मुकादम कोण?” गुरुजी म्हणाले, “पाळीपाळीनं सगळेच.” त्यावर दुसऱ्याचा प्रश्न, “मंग यांची उचल कोण फेडतं?” हा प्रश्न गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर तसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

रोहित गुलाबी का, हे मात्र ते झटकन सांगतात. पिल्लू राखाडी असतं. मान खाली घालून, चोच उलटी धरून रोहित पाणी गाळतो. त्यात सापडणारी शेवाळं आणि बारीक जीव खाऊन त्याच्या पिसांवर रंग चढत जातो.

हरभऱ्यावरून आठवलं. पाणी हटलं की उघड्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. गहू, हरभरा टाकतात, मोटारी बसवतात. अभयारण्याच्या दृष्टीनं हे बरं नाही. पाखरांची चरायची जागा त्यात जाते. पक्षिमित्र यावर तावातावानं बोलतात आणि त्यांचं चुकतं असं नाही. गुरुजी तेवढ्या तावानं बोलत नाहीत. ज्याचं शेत पाण्यात गेलं, त्यानं पाणी हटल्यावर त्याच शेतात मूठभर हरभरा टाकला, तर त्याला काय म्हणायचं, असं ते विचारतात. नायलॉनच्या जाळ्याबाबत मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. काठावर सोडून दिलेलं जाळं दिसलं की सायकल आडवी टाकतात, पिशवीतून कात्री काढतात आणि तुकडे करून कॅरिअरला बांधून आणतात. भोई वस्तीतली पोरं आता स्वतःच तुटकी जाळी गोळा करून त्यांच्या ओट्यावर आणून टाकतात.

(दृश्य : दसऱ्यानंतरची संध्याकाळ. वस्तीकडं जाणारी गाडीवाट, सायकलवर गुरुजी.)

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला सलीम अलींचा. गुरुजींना या आठवड्यात भाषणाची बोलावणी येतात. ते बहुतेक नाकारतात, कारण टोळ्या निघायचे दिवस तेच असतात आणि त्यांना वस्त्यांवर जायचं असतं. आई-बाप गेले तरी लेकरू गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे; पण त्यासाठी आधी बापाला पटावं लागतं, आजीला जमावं लागतं, आणि नाव वेळेत यादीत जावं लागतं. गुरुजी सायकल दाराशी लावतात, चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात. मुकादम बसलेला असला तर त्याच्याशीही बोलतात. मग पिशवीतून वही काढून पोराच्या हातात देतात आणि बापाला सांगतात, “तुम्ही जा. ह्याला इथं ठेवा. पाखरांची हजेरी कोण लावणार? मला आता लांबचं दिसत नाही.”

या दिवाळीत एका घरातून होकार आला, शेजारच्या घरातून आला नाही. गुरुजी पुन्हा जाणार आहेत, टोळीचा ट्रॅक्टर गुरुवारी निघतो.