हरवलेला अनुस्वार

[दृश्य: कोरा पडदा. माउसने ‘ळ’ काढला जातो, आधी सावकाश, मग झपाट्याने.]

निवेदन:

सावकाश काढलेला ळ गोल आला. तोच झपाट्याने काढला, तर काड्यापेटीच्या काड्या जुळवल्यासारखा, नुसते कोपरे! मुलांनी अक्षरं गिरवावीत म्हणून केलेल्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आमच्या प्रोग्रामचं हे पहिलं दुखणं.

रेघ काढणारा कोड आम्ही पुन्हा पुन्हा तपासला. पण हात सावकाश चालवला की अक्षर नीट येतं. म्हणजे चूक रेघेत नाही, वेळेच्या हिशोबात आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

[दृश्य: कन्सोलवर आकड्यांच्या ओळी.]

मग प्रत्येक इव्हेंटचा (माउस हलल्याची किंवा बटण दाबल्याची खबर) आणि प्रत्येक फ्रेमचा (पडद्यावरचं एक चित्र) टाइमस्टॅम्प, म्हणजे नेमकी वेळ, एकाखाली एक छापला. दोन्ही एकाच घड्याळाचे, त्यामुळे थेट ताडून पाहता येतात.

६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा पडदा सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. १२५ हर्ट्झचा यूएसबी माउस दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो; गेमिंगचा, १००० हर्ट्झचा असेल तर दर मिलिसेकंदाला. आमच्या नोंदीत मात्र फ्रेममागे एकच जागा! २०१७ साली, आवृत्ती ६० पासून, क्रोम ब्राउझर माउसच्या हालचाली साठवून फ्रेम रंगवण्याआधी एकच इव्हेंट हाती देऊ लागला. ते योग्यच आहे. एका फ्रेमसाठी सोळा वेळा हिशोब केला तरी दिसणार शेवटचाच. पण हस्ताक्षराला मधला प्रत्येक बिंदू लागतो. तो ‘गेटकोअलेस्डइव्हेंट्स’ या, साठवलेल्या हालचाली परत देणाऱ्या फंक्शनकडे मागावा लागतो, आणि आम्ही मागितलाच नव्हता.

ळ गोल झाला.

[दृश्य: टचपॅडवर बोटाची हलकी टिचकी.]

मग टिचकीने दिलेला अनुस्वार गळून ‘अंगण’चं ‘अगण’ होऊ लागलं. तेही कधीतरीच, आणि कधीतरीच होणारी चूक फार छळते. आमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, दर फ्रेमला विचारायचा, ‘बटण दाबलंय का?’ नोंद पाहिली: फ्रेम, बटण खाली, बटण वर, फ्रेम. टिचकी दोन फ्रेमच्या मधल्या फटीत होऊन गेली होती. लूपने विचारलं तेव्हा बोट उचललेलं होतं.

आता प्रत्येक दाब आणि प्रत्येक सोडणं आल्याक्षणी रांगेत लिहिलं जातं. फ्रेम येते आणि ती रांग क्रमाने रिकामी करते. अनुस्वार उमटतो.

[दृश्य: बाणामागून धावणारी रेघ.]

रेघेचं टोक मात्र अजून बाणाच्या किंचित मागे राहतं. बाण ऑपरेटिंग सिस्टिम वेगळा रंगवते. आमची रेघ पुढच्या फ्रेमची वाट पाहते.