सांधा कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या प्राण्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांतला एकही कुणी पाहिलेला नाही. रेडिओवरून मीही तो तुम्हाला दाखवू शकत नाही. म्हणजे तुमची, माझी आणि तो पहिल्यांदा घडवणाऱ्या कारागिराची अवस्था सारखीच.

लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत ड्रॅगनची चक्क कृती दिलेली आहे. कल्पनेतला प्राणी खरा वाटायला हवा असेल, तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान पाणकासवाची. थोडक्यात, नसलेला प्राणी असलेल्याच तुकड्यांतून करायचा. पण असे तुकडे कुणालाही सुचतील. अवघड असतो तो सांधा. सिंह कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला? मला विचाराल, तर अशा मूर्तीपुढे उभं राहिल्यावर पंख, नखं, जबडा हे सगळं नंतर. आधी सांधा शोधावा.

1939 साली, दुसरं महायुद्ध पेटायच्या बेतात असताना, दक्षिण जर्मनीतल्या एका गुहेत मॅमथच्या सुळ्याचे तुकडे सापडले. युद्धाच्या धांदलीत ते खोक्यांत पडून राहिले, तीस वर्षं. 1969 मध्ये कुणीतरी ते जुळवायला घेतले, आणि हळूहळू एक आकृती उभी राहिली. उंची जेमतेम 31 सेंटीमीटर. दोन पायांवर ताठ उभी, खांद्यावर सिंहाचं डोकं. वय सुमारे 40 हजार वर्षं. तुम्हाला लगेच नरसिंह आठवला असेल, मलाही आठवला. पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गारगोटीच्या हत्यारांनी अशीच मूर्ती कोरून पाहिली, तेव्हा साडेतीनशेहून जास्त तास लागले. शेती नाही, धातू नाही, बाहेर हिमयुग, आणि कुणीतरी इतके तास बसून हे करतो आहे. अख्खी मूर्ती एकाच सुळ्यातली, त्यामुळे जोड दिसतच नाही. मान कुठे माणसाची आणि कुठे सिंहाची, हे बोटाने दाखवता येत नाही. जमलं ते पहिल्याच फटक्यात जमलं, असं वाटतं.

पुढच्यांना मात्र युक्त्या लढवाव्या लागल्या. इजिप्तमधल्या कोल्ह्यासारख्या तोंडाच्या अनुबिस देवाचं चित्र आठवा. माणसाचे खांदे, वर प्राण्याचं डोकं, आणि मध्ये छातीपर्यंत उतरणारा केसांचा भरघोस टोप. तो टोप शोभेचा आहेच, पण विजोड गळाही तोच झाकतो.

असिरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याच्या, कारागिरांनी हेच काम दाढीवर सोपवलं. त्यांच्या राजवाड्यांच्या दारांत लामासू उभे असत: बैलाचं किंवा सिंहाचं धड, गरुडाचे पंख, मुकुट घातलेला माणसाचा चेहरा. दगड प्रचंड, काही तर चार मीटरांहून उंच. माणूस आणि बैल जिथे भेटतात, तिथे कुरळ्या दाढीच्या रांगा उतरलेल्या. गंमत पुढे आहे. इसवीसनपूर्व नवव्या आणि आठव्या शतकांतल्या लामासूंचे पाय मोजले, तर ते पाच भरतात. समोरून पाहिलं तर दोन पाय जुळवून तो पहारा देत उभा असतो. बाजूने गेलात तर चार पायांनी चालत असतो. कोपऱ्यावरून पाहणाऱ्यालाच ती लबाडी कळते. पुढे असिरियाचा राजा सेनाखेरिब याच्या काळात पाय चारच केले. हिशोब बरोबर झाला, पण मला पाच पायांचेच आवडतात.

सर्वांत जास्त वेळ लावला तो ग्रीकांनी. त्यांचा सेंटॉर म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा. सुरुवातीच्या कित्येक चित्रांत तो डोक्यापासून पावलांपर्यंत पुरता माणूस असतो, आणि पाठीमागून घोड्याचं उरलेलं अंग चिकटवलेलं. एखाद्याच्या मागे गाडी जोडावी तसं. पुढे कुठेतरी युक्ती सापडली: जोड मागे नकोच, घोड्याची मान जिथून निघते तिथूनच माणसाची कंबर उगवू द्यायची. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर सेंटॉर माणसांशी झोंबताना कोरले, तोवर हा सांधा इतका सहज झाला होता, की असा प्राणी नाही हेच विसरायला होतं.

सांधा चुकला तर काय होतं? 1553 मध्ये इटलीत आरेत्सो गावी तिथल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांची कांस्यमूर्ती सापडली, कायमेराची. सिंहाचं शरीर, पाठीतून निघालेलं बकऱ्याचं डोकं, शेपटीच्या जागी साप. तो साप मात्र हरवला होता. आज दिसतो तो अठराव्या शतकात बसवलेला. तो वळून त्याच प्राण्याच्या बकऱ्याचं शिंग चावतो आहे. अनेक अभ्यासकांना ही चूक वाटते, आणि ते पटतं. शत्रू समोर असताना स्वतःलाच कोण चावेल?

चिनी चित्रकार चेन रोंगने वेगळाच रस्ता धरला. 1244 साली त्याने नऊ मीटरांहून लांब गुंडाळीवर नऊ ड्रॅगन काढले. कुणाची मान ढगात गेलेली, कुणाची शेपूट लाटांत. शोधायला जावं तर सांध्याच्या जागी धुकं.

आणि शेवटी ओडिशाच्या पटचित्रांतला नवगुंजर, नऊ जीवांचा एक प्राणी. कोंबड्याचं डोकं, मोराचा गळा, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपूट म्हणजे साप. तीन पाय हत्तीचा, वाघाचा आणि हरणाचा किंवा घोड्याचा. इथे काहीच झाकलेलं नाही, सगळे सांधे उघडे. सरला दासांच्या पंधराव्या शतकातल्या ओडिया महाभारतात तो अर्जुनासमोर येतो. असलं काही पाहून अर्जुन धनुष्य उचलतो. मग त्याचं लक्ष चौथ्या पायाकडे जातं. तो पाय नसतो. तो माणसाचा हात असतो, वर उचललेला, आणि त्यात कमळ असतं. कृष्णाला ओळखून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो.

नमस्कार.