मंडळी आली आहे की आली आहेत?

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीकडच्या कोणत्याही लग्नात ‘वऱ्हाडी मंडळी आली आहे’ असे वाक्य मांडवाच्या दारातून ऐकू येते, आणि थोड्या वेळाने वाढपी सांगतो, ‘मंडळी जेवायला बसली आहेत.’ दारात मंडळी हा एक जथा होता. पंगतीत एकेका पानावरचा माणूस दिसू लागला आणि क्रियापद आपोआप अनेकवचनी झाले. इंग्रजीतील समूहवाचक नामांचा प्रश्न नेमका हाच आहे, आणि तरीही आपली मुले तिथे अडखळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाळेत असताना मी ‘द टीम आर प्लेइंग वेल’ असे लिहिले होते. सरांनी ‘आर’वर लाल शाईची फुली मारून वर ‘इज’ लिहिले. घरी मात्र रेडिओवरच्या इंग्रजी समालोचनात ‘इंडिया आर’ असेच ऐकू येई, आणि ते चूक कसे, हे मला कोणी सांगितले नाही. ते चूक नव्हतेच. अमेरिकी इंग्रजीत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट यांना सहसा एकवचनी क्रियापद लागते. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही रूपे चालतात आणि खेळातल्या संघाला तर बहुधा अनेकवचनच दिले जाते. आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली 1952 साली मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. तो ब्रिटिश वळणाने सांगायचा तर ‘इंडिया हॅव वन’ असेच म्हणावे लागेल.

मात्र एकदा निवडलेले वचन वाक्यभर सांभाळले पाहिजे. ‘द कमिटी हॅज गिव्हन देअर रिपोर्ट’ या वाक्यात समिती आधी एक होते आणि लगेच अनेक होते. परीक्षेत ‘हॅज’बरोबर ‘इट्स’ लिहावे. सभासदांत मतभेद असतील, तर ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’ हे वाक्य मला अधिक नेमके वाटते, कारण एकटी समिती स्वतःशी कशी भांडेल?

पोलीस आणि कॅटल हे शब्द मात्र निवडीला वाव देत नाहीत. तिथे ‘आर’च हवे. आपणही ‘पोलीस आले’, ‘गुरे आली’ असेच म्हणतो.