कुणी पाहत नसताना

नमस्कार श्रोतेहो.

नवं वर्ष लागलं किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की आपण वहीत लिहून काढतो: यंदा संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, पहाटे प्रार्थनेला उठायचं, दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग, चुकवायचा नाही. लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारा. हे कुणाला कधीच कळलं नाही, तरी मी करीन का?

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल बोलतो. यातलं काहीही तो बंद करायला सांगत नाही. लोकांनी पाहावं म्हणून करू नका, एवढंच सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करी, दशांशही देई. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो लोक ज्याला पापी समजत तो जकातदार.

उपासाचंच घ्या. सकाळचे पोहे-जिलबी सोडणं म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. शुक्रवारी ते सोडलेत, तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून नेहमीसारखे कामाला जा. कुणी बशी पुढे केली तर ‘आज नको’ एवढं पुरे. वाचलेले पैसे त्याच दिवशी वेगळे काढा, नाहीतर रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खर्च होतात. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. त्याऐवजी रात्रीचा मोबाइल सोडता येतो.

वाचनाचं गणित जरा नीट पाहू. पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर होतं. पुढच्या निर्गम पुस्तकाच्या 25व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, तिथे वेग मंदावतो. चार दिवस चुकले की तेरा अध्याय साचतात, मग ते संपवण्यासाठी डोळे ओळींवरून नुसते धावतात. देवाचं ऐकायला बसलेला माणूस आता आकडा गाठायला बसलेला असतो, आणि हेतू बदलल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. नव्या करारात 260 अध्याय आहेत: आठवड्यातले पाच दिवस रोज एक, तर बरोबर 52 आठवडे. दोन दिवस मोकळे, ते राहिलेल्या वाचनासाठी.

खंड पडला की मनात पहिलं काय येतं, तेही बघा. ‘प्रार्थनागटात काय म्हणतील?’ असं आलं, तर नजर माणसांकडे होती. ‘देव आता शिक्षा करील’ असं आलं, तर त्याची कृपा आपण विकत घेत होतो. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी आठव्या ओवीत कृपेने तारण, मग दहाव्या ओवीत सत्कर्मं.

आणखी एक गल्लत फार होते. ‘यंदा मुलगा चर्चला यायला लागावा’ हे ध्येय नव्हे, ती विनंती आहे. त्याचं मन आपल्या हातात नाही. ‘रोज रात्री दहा मिनिटं त्याच्यासाठी प्रार्थना करीन आणि आठवडाभर त्याला टोमणा मारणार नाही’ हे ध्येय. दुसरा भाग जास्त अवघड आहे.

ठरवलेलं एकाच विश्वासू माणसाला सांगा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. महिन्यातून एकदा त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: किती झालं, आणि का करतो आहेस? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही, तर त्या आठवड्यात नवं काही वाचू नका. मत्तयाचा सहावा अध्यायच पुन्हा काढा. 34 ओव्या आहेत, दार लावून सावकाश वाचा.