न वितळता सुटलेलं लोखंड

नमस्कार, श्रोतेहो.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड हे गाव आहे. 1978 ते 80 या काळात तिथल्या उत्खननात लोखंड गाळायची मातीची भट्टी सापडली. वय सुमारे 2700 वर्षं! सोबत भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या होत्या, आणि मळीही, म्हणजे दगडातला वितळून निघालेला टाकाऊ भाग.

आपण ‘लोखंड गाळणं’ म्हणतो. पण त्या भट्टीत गळत होती ती मळी. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस तापमान लागतं. अशा छोट्या भट्ट्या जेमतेम 1200 पर्यंत जातात. मग लोखंड निघालं कसं?

हेमॅटाइटचा लाल दगड हातात घ्या. तो शुद्ध असेल तर वजनाने 70 टक्के लोखंड आणि उरलेला ऑक्सिजन. त्या ऑक्सिजनला सोडवायचं, एवढंच खरं काम. लाकडी कोळसा कमी हवेत धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. हा वायू दगडाच्या छिद्राछिद्रांत शिरतो, तिथला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे राहतो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. दगडातली वाळू मात्र थोडं लोहखनिज गिळूनच मळी होते, म्हणजे काही लोखंड वायाच जातं. मग तापलेला गोळा घणाखाली घालून उरलेली मळी पिळून काढायची. मला या घण घालणाऱ्या हातांचं फार अप्रूप वाटतं. वायू दिसत नव्हता, पण भट्टीचा रंग आणि ज्वाळा त्यांना कळत होत्या.

आजच्या झोतभट्टीत वायू तोच. वरून खनिज, कोक म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, आणि चुनखडी, खालून तापलेल्या हवेचा झोत. वाळूला चुना पकडतो, त्यामुळे लोखंड वाचतं. इथे लोखंड सुमारे 4 टक्के कार्बन पितं, त्यामुळे साधारण 1150 अंशांनाच पातळ होतं आणि धारेनं बाहेर येतं. असंच कार्बन भरलेलं लोखंड साच्यात ओतलं की बीड. म्हणून तर बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो! पोलाद हवं असेल तर हाच जास्तीचा कार्बन पुन्हा जाळून काढावा लागतो.

आणि नायकुंडची रीत? चंद्रपूरजवळ घुग्घुसला जा. तिथं गडचिरोलीच्या सूरजागडचं खनिज फिरत्या भट्टीत, दगडी कोळशासोबत, न वितळवता लोखंड होऊन बाहेर पडतं. कारखान्यात त्याला स्पंज आयर्न म्हणतात.