आधी पाणी मोजा, मग मोगरा

(दृश्य: मे महिना. भेगाळलेली काळी जमीन. भेगेत सोडलेली तुरीची काडी निम्मी आत गेली आहे.)

मराठवाड्यात फुलबाग लावली जाते पावसाळ्यात आणि वाळते मे महिन्यात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून वर्षानुवर्षं टिकणारी बाग हवी असेल, तर हिशोब टाकीपासून धरायचा. रुजलेल्या मोगऱ्याला, जास्वंदीला भर उन्हाळ्यात दिवसाआड साधारण 8 ते 10 लिटर पाणी लागतं. 15 झुडपं म्हणजे एका पाळीला सव्वाशे-दीडशे लिटर. एवढं निघणार नसेल तर सात-आठच लावा. भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं मात्र रोज नको. त्यात क्षार साठलेले असतात, आणि बोअरचं पाणी आधीच जड.

(दृश्य: खड्ड्यात बादलीनं पाणी ओतणारे हात.)

खड्डे मे महिन्यातच घ्या, ऊन खाऊ द्या. मोगऱ्याला दीड फूट लांब-रुंद-खोल, पारिजातकाला दोन फूट. एका खड्ड्यात पाणी भरून बघा. पहिलं पाणी भेगा पिऊन टाकतात, त्यावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसलं, तर पावसाळ्यात तिथं मुळं कुजणार. भारी, म्हणजे चिकण काळ्या जमिनीत भुसभुशीत भरलेल्या खड्ड्याचा हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं. तळाला विटांचे तुकडे टाकूनही हे सुटत नाही, कारण पाण्याला पुढं वाटच नसते. अशा जागी झाड वर घ्यायचं: एक फूट उंच, तीन फूट रुंद गादीवाफा.

भरणीला दोन पाट्या माती, एक पाटी मुरूम, एक पाटी शेणखत आणि झाडामागं 200 ग्रॅम निंबोळी पेंड. खतात शेण ओळखू आलं तर ते कच्चं समजा. त्यातून हुमणी ही पांढरी अळी येते, मुळं खाते, आणि हिरवं दिसणारं झाड ओढलं की हातात येतं.

(दृश्य: मातीतला पांढरा खडा. त्यावर लिंबू पिळताच फेस येतो.)

ही चुनखडी. इथं अनंत आणि सोनचाफ्याचा हट्ट सोडलेला बरा. मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक युरिया टाकतात, पिवळेपणा जात नाही. लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि थोडा लिंबूरस मिसळून संध्याकाळी फवारा.

लागवड जून-जुलैत, जमीन वीतभर ओली झाल्यावर. मोगरा चार फुटांवर, सहा तास ऊन मिळेल तिथं. सावलीत नुसता पाला वाढतो. कण्हेर कुंपणाला लावतात, शेळी तोंड लावत नाही. पण ती विषारी आहे. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली नको. तिला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते.

पाऊस सरला की झाडाभोवतीच्या आळ्यात सोयाबीनचं भुसकट तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं लांब. दर पंधरवड्याला उचलून बघा, खाली वाळवी लागते.

(दृश्य: मोगऱ्याची छाटणी. कात्रीजवळून.)

मोगऱ्याला पहिलं वर्ष वाढू द्या. दुसऱ्या वर्षापासून डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीअखेर निम्म्या उंचीवर छाटायचं. वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढा. मग पाटीभर शेणखत घालून पाणी सुरू करा. नव्या फुटीला मार्चच्या सुमारास कळ्या लागतात. पाणी न तोडता छाटलेलं झाड पानंच काढत बसतं.