सुतळी, फक्की आणि कडी

ही जमीन आज रिकामी आहे. उद्या इथे लढाईतून जीव वाचवून आलेली कुटुंबं उतरतील. त्याआधी टेप, सुतळी आणि चुन्याची फक्की घेऊन तीन-चार माणसं उतारावर फिरताहेत. पावसाचं पाणी कुठून वाहील, नळ कुठे बसतील, संडास कुठे खणायचे, हे आत्ताच ठरतंय. सगळे म्हणतात, काही महिन्यांचाच प्रश्न आहे. केनियातली दादाब ही निर्वासितांची छावणी १९९१ साली अशीच उभी राहिली, सोमालियातल्या यादवीतून आलेल्यांसाठी. दादाब आजही आहे. म्हणून पहिल्या दिवशी चुकलेली रेघ फार महागात पडते.

जुलै १९९४. रवांडातल्या वंशसंहारानंतर काही दिवसांतच लाखो माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आताच्या काँगोतल्या, गोमा शहरापाशी पोहोचली. पायाखाली ज्वालामुखीचा टणक दगड. संडास खणता येईनात, की कबरी खणता येईनात. पाणी किवू सरोवराचं, तेही न उकळलेलं. आधी कॉलरा आला, मागोमाग रक्ताची हगवण. पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० माणसं दगावली. धान्य आलं, पण त्याचं वाटप छावणीतल्या पुढाऱ्यांच्या हाती गेलं, आणि त्या पुढाऱ्यांमध्ये वंशसंहार घडवणारेही होते. शिधा कोण वाटतो, यावर छावणीत कुणाचं राज्य चालणार ते ठरतं. हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला.

त्यानंतर १९९७ मध्ये रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी एकत्र बसून किमान मापं ठरवायला घेतली. त्यांना ‘स्फिअर’ मानकं म्हणतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. २५० माणसांमागे एक नळ, घरापासून ५०० मीटरच्या आत. २० माणसांमागे एक संडास. छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा.

साडेतीन चौरस मीटर म्हणजे किती, ते या ताडपत्रीवर कळतं. रेड क्रॉस वाटते ती ही ताडपत्री, चार मीटर बाय सहा मीटर. पाच जणांच्या घराला साडेसतरा चौरस मीटर लागतात. ताडपत्री सपाट पसरली तर चोवीस भरते. पण छपराला उतार द्यायचा, कडा खाली ओढून बांधायच्या, की उरतं ते जेमतेम. घाईत कुणी मधेच भोक पाडून दोरी ओवतं आणि पहिल्या वादळात ती तिथूनच फाटत जाते. म्हणून शिकवणारा एक गोल खडा उचलतो, ताडपत्रीत गुंडाळतो आणि खड्याच्या मानेशी दोरी आवळतो. भोक नाही, फाटणं नाही. ताडपत्री वाटणं सोपं आहे. ही गाठ दाखवायला शेजारी बसणारं माणूस मिळणं अवघड.

आता संडासाचं. मानक सांगतं, घरापासून ५० मीटरच्या आत. कागदावर उत्तम. पण रात्री दिवा नसेल, दाराला आतून कडी नसेल, तर तेवढं अंतरही बायकांना पार करवत नाही. मग त्या संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. पाहणीला येणाऱ्याला संडासाची संख्या बरोबर दिसते, हे दिसत नाही. बायकांना वेगळं बसवून विचारलं तरच कळतं. छावणी व्यवस्थापन म्हणजे माझ्या मते मुख्यतः हेच विचारणं, आणि दुसऱ्या दिवशी ती कडी बसवून देणं.

मोकळी जागाही मापात धरावी लागते. दर ३०० मीटर वस्तीनंतर ३० मीटरचा पट्टा रिकामा, आग पुढे सरकू नये म्हणून. बांगलादेशात कॉक्स बझारला २०१७ मध्ये काही महिन्यांत म्यानमारमधून जीव घेऊन पळालेले सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले. टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीची घरं एकमेकांना चिकटून उभी राहिली. पट्टे सोडायला जागाच नव्हती. २२ मार्च २०२१ ला आग लागली आणि सुमारे ४५,००० माणसं पुन्हा उघड्यावर आली.

खरं तर जगातले बहुतेक निर्वासित छावणीत राहतच नाहीत. नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, अर्धवट इमारतीत राहतात, आणि शक्य असेल तिथे तेच बरं. छावणी हा शेवटचा पर्याय.

जॉर्डनमधली झातारी छावणी जुलै २०१२ मध्ये सीरियातून येणाऱ्यांसाठी उघडली. आधी तंबू, नंतर पत्र्याच्या तयार खोल्या, सरळ रांगेत मांडलेल्या. लोकांना ती रांग नको होती. त्यांनी चाकांचे गाडे जुळवले आणि खोल्या रातोरात ओढून आपल्या माणसांच्या शेजारी नेल्या. भावाची खोली इकडे, आईची समोर, मधे अंगण. नकाशा काढणाऱ्यांनी सोडलेल्या सरळ रेघा तिथे आता फारशा उरलेल्या नाहीत. दारं एकमेकांकडे तोंड करून आहेत.